रोसाल्वाचा ट्रे

टूसॉनच्या रत्नांच्या जत्रेत रोसाल्वा नुसती चालत गेली तरी दगड तिला हाका मारतात, असं लोक म्हणतात. मला आजवर एकाही दगडाने हाक मारलेली नाही.

दोन वर्षं मला नवा दागिना सुचला नव्हता. सान्ता फेच्या गॅलरीत यंदा दागिने मांडायचं एकच कपाट रिकामं होतं आणि अर्ज आम्हा दोघींचेही होते. सोमवारी नमुना दाखवायचा. बारा वर्षं आम्ही जत्रेला मोटेलची एकच खोली घेतो, त्यामुळे ती दात घासतानाही गुणगुणते हे मला ठाऊक आहे. मला तेही खुपतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही वेंडलकडे गेलो. वेंडल म्हातारा, नेवाडाचा, दगड स्वतः कापून विकतो. मोटेलमधल्या त्याच्या खोलीत पलंगावर पांढरी चादर टाकून त्याने मण्यांचे सर मांडले होते. रोसाल्वाने ट्रे घेतला. हिरवट पिरोज्याचे दोन सर, शिंपल्याच्या चकत्यांचे दोन, आणि मधोमध लालभडक पोवळ्यांचा एक. पाच मिनिटांत हाराची मांडणी तयार.

"कोरीन, कसं वाटतं गं?"

"पोवळं जरा जास्तच होतंय," मी म्हणाले. साफ खोटं. माझा नुसता जळफळाट चालला होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "मुलीचा आहे. धर जरा," म्हणत ट्रे माझ्या हातात देऊन ती व्हरांड्यात गेली.

जत्रेचा नियम सगळ्यांना पाठ असतो. ट्रे हातात आहे तोवर त्यातला माल तुमचा. टेकवला, की ज्याच्या हाती लागेल त्याचा.

मी ट्रे पलंगावर टेकवला.

मागे उभ्या असलेल्या हॅटवाल्या एका बाईने लगेच पोवळ्यांचा सर उचलला. "हा मोकळा आहे का?"

वेंडलने माझ्याकडे पाहिलं.

"खाली ठेवलाय म्हणजे मोकळाच," मी म्हणाले. बाई पैसे देऊन गेलीसुद्धा.

रोसाल्वा परत आली. "माझं पोवळं?"

"अगं, बुटाची नाडी सुटली म्हणून क्षणभर टेकवला, तेवढ्यात एकीने उचललं. सॉरी गं."

तिने खाली पाहिलं. माझ्या पायात बिननाडीचे बूट होते, गेल्या नाताळात तिनेच दिलेले.

ती ट्रेकडे बघत राहिली. मग दोन्ही बाजूंचे सर तिने बोटाने आणखी थोडे लांब सरकवले.

"मधे काहीच नको," ती वेंडलला म्हणाली. "गळा दिसू दे."

वेंडल चष्मा सारखा करत जवळ आला. "पोरी, हे भलतंच सुंदर झालं!"

खरंच झालं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं की कपाट कोणाला मिळणार.

पैसे देऊन सरांची पुडी पर्समध्ये टाकून ती माझ्याकडे वळली. "मी बहिणीकडे जाते राहायला. खोली तू ठेव. पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघ." आवाज चढला नव्हता. तिचा कधीच चढत नाही.

मी मागे धावायला हवं होतं. बारा वर्षांची मैत्रीण पायऱ्या उतरून चालली होती. आणि मी तिथेच उभी राहून विचार करत होते, की ती मोकळी जागा इतका वेळ माझ्या डोळ्यांसमोर होती, मग मला का नाही सुचलं?