काठीचं माप

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या विहिरींनी तळ दाखवला. आबासाहेबांच्या विहिरीनं तर तळाखालचंही दाखवलं. गाळ उपसताना माणसाचा सांगाडा निघाला. कवटीला मागून भोक.

ते कुणाचं हे मनकर्णेला कुणी सांगावं लागलं नाही. तिचा नवरा सहादेव सात वर्षांमागं आबासाहेबांशी बांधावरून भांडला, समजुतीला म्हणून त्यांच्याकडं गेला आणि परतलाच नाही. "ऊसतोडीच्या टोळीतली बाई घेऊन पळाला," असं आबासाहेबांनी गावभर केलं. गावानं ते चवीनं खाल्लं. बांध मात्र त्याच साली सरकला. बाया तिला विचारायच्या, "काय गं, सवतीचं पत्तर-बित्तर?" ती हसायची नाही, रडायची नाही. राग तिनं बियाण्यासारखा जपला होता, राखेत घोळून, कीड न लागू देता.

नगरहून फौजदार आणि डॉक्टर जीपनं आले. विहिरीशेजारच्या नाथाच्या देवळापुढं ताडपत्रीवर हाडं मांडली. डॉक्टर माणसांपेक्षा हाडांशी अदबीनं वागणारे. म्हणाले, "पुरुष. तिशीतला. डावा हात मोडून जुळलेला."

"त्यांचाच," मनकर्णा म्हणाली. "गाडीवरनं पडले हुते."

"हात काय, निम्म्या गावाचे मोडल्यात," आबासाहेब हसले. डोक्याला गुलाबी फेटा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. "कुनीतरी गोसावी पडला आसंल. डॉक्टर, उंची सांगा की. उंचीवरनं ठरंल."

डॉक्टरांनी मांडीचं हाड फळीवर ठेवून मोजलं. "साडेसतरा इंच. माणूस साधारण याच्या पावणेचारपट धरायचा. म्हणजे साडेपाच फूट, इंचभर इकडं-तिकडं."

"मग मिटलं! सहादेव पाच फूट दहा हुता. माझं नगा ऐकू, नाथाला इचारा."

नाथाला विचारायचं म्हणजे काठीला. गावात दुखण्यातून उठलेला गडी देवळात आपल्या उंचीची काठी उभी करी, बुडाशी नाव कोरून. हात जुळल्यावर सहादेवानंही केली होती. ती आणली, टेप लावली. पाच फूट दहा. बरोब्बर.

"चार इंचांचा फरक फार झाला," डॉक्टर पुटपुटले. फौजदारांनी टोपी चढवली.

मनकर्णेनं आवाज अगदी गरीब केला. "आबासाहेब, काठीवरच ठरवायचं न्हवं?"

"काठीवरच! नाथापुढं खोटं माप कोन हुबं करील?"

"समद्यांच्या काठ्या सारख्याच खऱ्या?"

"समद्यांच्या."

"ऐकलं न्हवं, फौजदारसाहेब? मग आबासाहेबांची बी काठी हाय तितं. विषमज्वरातनं उठले तवा वाजतगाजत लावल्याली. त्यांना तिच्याशेजारी हुबं करा. बोडक्यानं."

देवापुढं पुरुषानं बोडकं जायचं नाही, म्हणून काठीचं माप फेट्यासकट घ्यायचं, ही तिथली रीत. बोडका माणूस गावानं बघितलेलाच नसे. गडी फेट्यासकटच मोजला जाई. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणाच्या ध्यानात नव्हतं. आबासाहेबांच्या आत्ता आलं. त्यांचा चेहरा फेट्यापेक्षा फिका पडला.

"बाई येडी झाली. चारचौघात फेटा उतरायचा? मला काय सुतक हाय?"

"उतरवा," फौजदार म्हणाले.

फेटा पायरीवर आला. खाली टक्कल निघालं, कपाळावर गोऱ्या कातडीचा पट्टा. मनकर्णेनं घाई न करता सगळं बघून घेतलं. काठी डोक्याच्या वर चार इंच उरली. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं आणि स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "म्हणजे सहादेव साडेपाच फूटच."

"मग ह्योच त्यो?" फौजदारांनी विचारलं.

"हाड नाव सांगत नाही. पण हा तो नाही, असं आता म्हणता येत नाही. वय जुळतं, हात जुळतो, उंची जुळते. आणि पडून असं भोक होत नाही. मागून मारलंय."

"गोसाव्याचं मागनं बघू," फौजदार आबासाहेबांना म्हणाले. "तूर्त जीपमध्ये बसा."

शिपाई हाडं भरायला पोतं घेऊन आला. मनकर्णा आडवी आली. "पोत्यात न्हाई." तिनं पायरीवरचा फेटा उचलला, झटकून ताडपत्रीवर पसरला. डॉक्टरांनी फौजदारांकडं बघितलं. फौजदारांनी जीपच्या चाकाकडं. एकेक हाड तिनं फेट्यात ठेवलं, कवटी शेवटी, आणि गाठी मारल्या.

"माझा फेटा..." आबासाहेबांचा हात डोक्याकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या. सात वर्सं त्यांच्यावर तुमचं पानी हुतं. आता तुमची इज्जत पांघरून जाऊ द्या नगरला." मग ती फौजदारांकडं वळली. "साहेब, तेवढी जीप गावातनं न्या. सावकाश."