रोखून धरा

"मोठा श्वास घ्या. रोखून धरा," असं म्हणत तिने शिंपीकाकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

काकांनी धरला. श्वासाचा आवाजच ऐकू येईना, म्हणून तिने तो जरा खाली सरकवला. तिथेही सामसूम. काकांचे डोळे मोठे झाले होते.

"अहो, सोडायला सांगा त्यांना," सिस्टर पलीकडच्या खाटेजवळून म्हणाल्या.

"सोडा, काका, सोडा."

बोटाच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून एक्क्याऐंशीवर उतरला होता. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, पालथं झोपवून बघा; दुपारपर्यंत नव्वद ओलांडले नाहीत तर वरच्या मजल्यावर, श्वासाच्या मशीनवर. वर गेलेलं कुणी खाली आलेलं तिने अजून पाहिलं नव्हतं.

तीन वर्षं ती तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रे आणि सोनोग्राफी शिकत होती. 'रोखून धरा' हे दिवसातून शंभरदा म्हणायची, जिभेला वळणच पडलं होतं. साथीत माणसं कमी पडली आणि तिला वॉर्डात आणून उभं केलं. सिस्टर तिला चौथ्या दिवशीही 'अंधारवाल्या डॉक्टर' म्हणत.

"चुकलं माझं, काका. त्रास होत होता तर सोडायचा ना."

"तुम्ही म्हणालात... धरा." काकांना धाप लागली होती. "म्हटलं, काही कारण असेल."

घोटभर श्वास उरलेला माणूस, आणि तोही त्याने तिच्या एका शब्दावर धरून ठेवला होता.

दोघींनी मिळून त्यांना पालथं केलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. पाठ वर येत होती, खाली जात होती. हजारो फुप्फुसं तिने पाहिली होती, पण सगळी थांबलेली, कुणीतरी 'धरा' म्हटल्यावर टिपलेली. चालतं फुप्फुस असं हाताखाली कधी आलंच नव्हतं. केवढं हे काम, आणि हा माणूस ते सत्तर वर्षं न सांगता करत आला होता.

पंधरा मिनिटं गेली. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वदला आकडा अडला.

"माप घेताना... गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहतं," काका उशीतूनच म्हणाले. "मी थांबायचो."

"कशासाठी?"

"सोडेपर्यंत. नाहीतर सदरा ढगळ होतो." त्यांनी मान किंचित तिच्याकडे वळवली. "तुमच्या मास्कचा आवाज बंद झालाय, डॉक्टर. सोडा आता."

तिने श्वास सोडला. चष्म्यावर वाफ धरली आणि आकडा दिसेनासा झाला.

"एक्क्याण्णव," सिस्टर म्हणाल्या.

तिने हात काढला नाही.