हवेची पाच मिनिटं

पनवेलच्या ऑक्सिजन सेंटरचे मालक चारुदत्त आधी जिम चालवायचे. जे चांगलं ते जास्तच हवं, एवढं एकच शास्त्र त्यांना अवगत होतं. किशोरी मात्र हे काम रीतसर शिकून आली होती: बंद टाकीत दाब वाढवायचा, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि दर वीस मिनिटांनी मास्क काढून पाच मिनिटं साधी हवा. नाहीतर तोच प्राणवायू मेंदूवर उलटतो आणि माणसाला झटके येतात.

"लोक इथे ऑक्सिजन घ्यायला येतात, हवा खायला नाही," चारुदत्तांनी फर्मावलं. "आजपासून ब्रेक बंद. दाबही वाढव थोडा."

किशोरीला काळजी होती ती गुणाबाईंची. करंजा गावच्या या म्हातारीची साखरेने चिघळलेली पायाची जखम आत्ता कुठे भरत होती. उपचार सोडले तर पाय जाणार, असे घेतले तर डोकं. किशोरी अडून बसली. मग काय, चारुदत्तांना स्फुरण चढलं. "मीच बसतो, बघ," म्हणत ते गुणाबाईंशेजारी टाकीत जाऊन बसले.

वीस मिनिटांनी किशोरीने माइकवरून सांगताच गुणाबाईंनी मास्क काढला. मालकांनी हातानेच नकार दिला. चाळिसाव्या मिनिटाला त्यांचा ओठ फडफडू लागला.

"सर, मास्क काढा."

त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला आणि पुढच्याच क्षणी अंग ताठ होऊन झटके सुरू झाले.

"गुणामावशी, त्यांचा मास्क ओढा."

म्हातारीने एका हिसड्यात ओढला. बाहेर मॅनेजर विनायक "आधी दार उघड" म्हणून अंगावर धावून आला. किशोरीने त्याला दाब सोडायच्या व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही. झटके येत असताना श्वास कोंडलेला असतो. तेव्हा दाब उतरवला तर फुप्फुसं फाटतात.

झटके थांबल्यावर तिने सावकाश दाब उतरवला. चारुदत्तांना काहीच आठवत नव्हतं. "बघितलंस? काही झालं नाही."

"नाय झाला," गुणाबाई म्हणाल्या. "पँट तेवरी बदला, शेट."

आठवड्याने दारावर पाटी लागली: 'चारुदत्त पद्धतीचा खास नैसर्गिक वायुविराम, दर वीस मिनिटांनी.' किशोरीने ती गुणाबाईंना संतापून वाचून दाखवली.

"लावू दे त्याला पाटी," गुणाबाई टाकीत शिरत म्हणाल्या. "मास्क कवा काराचा, ता तूच सांग माला."