खिळा असलेली खुर्ची

अनुयानं टेम्पो ठरवला तो शनिवारचा, कारण शनिवारी संग्रहालयात जयदेवकाका हमखास भेटतात. अंबरनाथहून बदलापूरला एक आरामखुर्ची आणायची, एवढ्यासाठी टेम्पो कशाला, हे टेम्पोवाल्या भावेशला पटलं नव्हतं. "ताई, रिक्षात मागे आडवी टाकली असती," तो म्हणाला, आणि मग आपण कुणाचं नुकसान करतोय हे लक्षात येऊन गप्प बसला.

खुर्ची तिच्या बाबांची. श्रीपादराव काडेपेटीच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि शिवमंदिरामागच्या गल्लीत, एका ट्रस्टच्या हॉलमध्ये, त्यांनी तीन मित्रांबरोबर गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय काढलं. काडेपेट्यांवरची जुनी चित्रं, जाती, मिठागरातली लाकडी फावडी, उल्हासनगरच्या निर्वासित छावणीतले कंदील, असा ऐवज. मे महिनाभर तिथं मुलांसाठी नि मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. त्याच्या तयारीला बाबा मार्चपासूनच जात आणि जाताना घरची खुर्ची घेऊन जात, कारण तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर त्यांची कंबर धरायची. जूनमध्ये हॉलचं छत गळू लागलं की संग्रहालय बंद, आणि खुर्ची परत बाल्कनीत. दरवर्षी असंच.

यंदा खुर्ची गेली, आणि चैत्रात, दुपारी जेवून पडले असताना, बाबाही गेले. खुर्ची तिकडेच राहिली.

अनुया तेव्हापासून आईकडे राहत होती. दुःखावर तिनं बरीच पुस्तकं वाचली. त्यांतल्या एकातही टेम्पोचा उल्लेख नव्हता. टेम्पोची वेळ आली ती तांदळामुळं. पद्मजाबाई, म्हणजे तिची आई, रोज संध्याकाळी कुकरला दोन वाट्या तांदूळ लावत. दोघींना एक पुरे. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीचा, तिसऱ्या दिवशी थालीपिठात. शेवटी अनुयानं विचारलंच.

"सवय गं," आई म्हणाली. "बाल्कनीत बघते तर खुर्ची नाही. खुर्ची नाही म्हणजे ते अंबरनाथला. मग येतील, असंच धरून तांदूळ घेतला जातो. विचार करून काही मी घेत नाही."

"खुर्ची आणली तर?"

आईनं कुकरची शिट्टी नीट बसवली. "खुर्ची आहे आणि ते नाहीत, असं दिसलं की कळेल हाताला."

म्हणून टेम्पो.

जयदेवकाका दाराशीच टेबल टाकून बसले होते. बँकेतून निवृत्त, गेल्या दिवाळीत समितीवर आलेले, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं.

"ये. उन्हाची आलीस. पन्हं घे आधी."

"काका, बाबांची खुर्ची न्यायला आलेय."

"कोणती खुर्ची?"

अनुयानं बोट दाखवलं. हॉलच्या मधोमध, जात्यांच्या आणि कंदिलांच्या मध्ये, बाबांची आरामखुर्ची चारही बाजूंनी दोरी लावून ठेवली होती. बैठकीवर बेलाची पानं होती आणि एक नारळ.

"ती खुर्ची नाही," काका म्हणाले. "ती वस्तू आहे."

"खुर्चीच आहे काका."

"होती. आता नोंद झाली."

झालं होतं ते असं. शोकसभा इथंच झाली. बाबांचा हार घातलेला फोटो त्यांच्याच खुर्चीवर ठेवला होता. सभा संपली, फोटो घरी गेला, पण फोटो जिथं होता तिथं कुणी पटकन बसू नये म्हणून कुणीतरी भोवती दोरी बांधली. जयदेवकाका फेब्रुवारीपासून पुण्याला, त्यांच्या मुलाकडे, अनीशकडे. परत आल्यावर त्यांनी वार्षिक मोजणी केली. मोजणीची पद्धत बाबांनीच घालून दिलेली, अगदी सोपी: दोरीच्या आत ती वस्तू, दोरीच्या बाहेर ते फर्निचर. ही खुर्ची फक्त उन्हाळ्यात इथं येते हे काकांना माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांनी इथला एकही उन्हाळा पाहिला नव्हता. चार संस्थापकांपैकी बाबा धरून तिघं आता नव्हते, आणि चौथ्यांना मोतीबिंदूमुळं दोरीसुद्धा दिसत नव्हती. ते एकदा तिच्यात अडकले होते.

दोरीला काकांच्या अक्षरातलं कार्ड लटकत होतं. अनुयानं ते वाचलं.

*आरामखुर्ची. सागवान. अंदाजे १९२० ते १९३०. बहुधा कारखान्यातील इंग्रज अधिकाऱ्याच्या वापरातील. उजव्या हातावर बाहेरून खिळा, प्रयोजन अज्ञात.*

"खिळा पिशवीसाठी आहे," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"बाबांच्या. खादीची पिशवी. तिच्यात चष्मा, गोळ्या नि पेपर."

"एकोणीसशे वीस साली?"

"शहाण्णव साली. मी दहावीत होते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणली. मी होते बरोबर."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. सोयरीक ठरत आल्यावर मुलाचं खरं वय कळावं, तशा नजरेनं. "पण घडण जुनी आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात मंदिरातून आलेली एक बाई पंख्याखाली उभी राहायला आत आली. संग्रहालयात येणाऱ्यांत पंख्यासाठी येणारेच जास्त. दोरी, पानं, नारळ पाहून तिनं चप्पल काढली, हातातलं बेलाचं पान खुर्चीवर ठेवलं, हात जोडले.

"कुठल्या महाराजांची?" तिनं विचारलं.

"कारखान्याची," काका म्हणाले.

बाईनं कारखान्यालाही नमस्कार केला आणि ती गेली.

"रोज येतात," काका जरा अभिमानानं म्हणाले. "या मोसमात सर्वांत जास्त बघितली गेलेली वस्तू हीच."

"काका, मी ती नेऊ ना?"

"अगं, माझ्या हातात असतं तर दिली नसती का? पण नियम आहे." त्यांनी भिंतीकडे मान वळवली. तिथं नियमांचा फलक होता आणि खाली बाबांची सही. *नोंद झालेली वस्तू कोणत्याही कारणास्तव बाहेर जाणार नाही. संस्थापकांच्या घरच्या मागणीसही अपवाद नाही.*

हा नियम का झाला हे अनुयाला घरीच ऐकून पाठ होतं. एका संस्थापकांनी इथला शिसवी पाळणा नातीच्या बारशापुरता नेला. तो पाच महिन्यांनी गुलाबी ऑइलपेंट लावून परत आला. बाबा तेव्हा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

"नोंद रद्द होत नाही?"

"तशी तरतूद तुझ्या बाबांनी ठेवलीच नाही." काका थोडे नरमले. "माहिती चुकली असेल तर दुरुस्त करता येते. पन्नास वर्षांच्या आतली वस्तू नोंदवायचीच नाही, असाही नियम आहे. पण तोंडी माहिती चारचौघांत सांगितली तरच धरायची. कुणाला खोडायची असेल तर खोडता यावी म्हणून."

"हेही बाबांचंच?"

"सगळं त्यांचंच गं. मी नुसता सांभाळतोय."

शोकसभेत अनुया बोलली नव्हती. माइक तिच्याकडं आला तेव्हा तिनं तो शेजारच्या मावशींना दिला, आणि मावशी बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. बाबांबद्दल चारचौघांत एक वाक्यसुद्धा आपल्याला पुरं करता येणार नाही, याची तिला खात्री होती. अजूनही होती.

मीनल तिला शोधत आली. ती शाळेत इतिहास शिकवायची आणि मे महिन्यात इथले कार्यक्रम पाहायची. "आलीस? बरं झालं. खापरं जोडायला माणूस नाही, म्हणजे होता, आता नाही. सॉरी. म्हणजे बाबा करायचे ना ते."

खापरं जोडा हा मुलांचा आवडता खेळ. कुंभाराकडची नवी मडकी फोडून तुकडे मिसळायचे आणि मुलांनी ती परत जोडायची.

"मीनल, या खुर्चीचं तुला माहीत होतं?"

"दोरी दिसली. मला वाटलं, समितीनं सन्मान केला. इंग्रज अधिकारी वाचून जरा खटकलं, पण म्हटलं असेल आधी त्याची." तिनं घड्याळ बघितलं. "पाचला 'घरातली एक वस्तू' आहे. लोक घरून काहीतरी आणतात नि त्याबद्दल सांगतात. तुझी इथंच आहे, आणायचीही गरज नाही."

बाहेर भावेशनं हॉर्न दिला. अनुया त्याला थांबायला सांगायला गेली. "ताई, वेटिंग लागेल," तो म्हणाला. सावली हॉलमध्येच होती, म्हणून तो आत आला, आणि मीनलनं त्याला न विचारता खापरांपाशी बसवलं.

पाचला सतरंज्या भरल्या. उल्हासनगरच्या एका आजोबांनी छावणीतली ॲल्युमिनियमची थाळी आणली होती. जवळच्या गावातल्या बकुळाबाईंनी सासऱ्यांचा मिठागरात घालायचा कातडी जोडा आणला होता. तो कुणाला हातात घ्यायला देईनात. प्रत्येकाचं झालं की काका विचारत, "कुणाला काही खोडायचंय?" कुणाला नसे.

मग अनुया उभी राहिली. काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "ते इंग्रज अधिकाऱ्याचं मोठ्यानं नाही सांगितलंस तरी चालेल."

"नाही सांगत."

तिनं सगळ्यांकडे न बघता खुर्चीकडे बघून बोलायचं ठरवलं, आणि ते सोपं गेलं.

"ही आरामखुर्ची. शहाण्णव सालची, उल्हासनगरची. दुकानदार म्हणाला सागवान आहे. माझ्या बाबांनी वाकून वास घेतला आणि नाही म्हणाले. तेव्हा दुकानदार म्हणाला, साईं, सागवान नसेल, पण सागवानाच्या शेजारीच वाढलंय. बाबांना हे फार आवडलं. घासाघीस न करता घेतली. त्यांनी घासाघीस केली नाही अशी आमच्या घरातली ही एकच वस्तू. हा खिळा त्यांनी त्याच दिवशी मारला. पहिला वाकडा गेला, त्याचं भोक खाली आहे. पिशवी अडकवायला. ते..."

वाक्य तिथंच राहिलं.

"कुणाला काही खोडायचंय?" काकांनी विचारलं, कारण ती वेळ त्या प्रश्नाचीच होती.

पुढच्या रांगेतल्या रिद्धी नावाच्या मुलीनं हात वर केला. "ते कुठेयत?"

"कोण?"

"खिळा मारणारे."

"वारले," अनुया म्हणाली.

रिद्धीनं यावर विचार केला. "मग आता कोण बसतं त्यावर?"

"कुणी नाही."

"मग मी बसू?"

काकांनी फलकाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग खिशातलं लाल पेन काढलं. "पन्नास वर्षांच्या आतली," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे नोंद रद्द करायचा प्रश्नच नाही. ती झालीच नाही." त्यांनी कार्डावरचा एक एक शब्द खोडला. मग पाठीमागे निळ्या पेनानं लिहिलं: *आरामखुर्ची. खिळा पिशवीसाठी.* नारळ मीनलकडे दिला, बेलाची पानं गोळा करून कुंडीत टाकली आणि दोरी सोडली.

"घेऊन जा आता," ते अनुयाला म्हणाले. "कुणाच्या बापाचीही हरकत नाही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते दोरी गुंडाळू लागले.

पण तोवर रांग लागली होती. बसायला मिळतंय म्हटल्यावर सतरंजी रिकामी झाली. रिद्धी बसली, पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मस्तय." तिला उठवावं लागलं. तिच्यामागून थाळीवाले आजोबा बसले, बकुळाबाई जोडा मांडीवर घेऊन बसल्या. अनुया रांगेच्या पुढून खुर्चीजवळ गेली.

"ओ मावशी," रिद्धी म्हणाली. ती पुन्हा रांगेत लागली होती. "लाइन तिकडून आहे."

"माझ्या बाबांची आहे ती."

"हो, ऐकलं ना मी. तरी पण लाइन तिकडूनच आहे."

नियम बरोबर होता. अनुया मागं जाऊन उभी राहिली.

तिचा नंबर आला तेव्हा ती बसली. कापड मधोमध खोल गेलं होतं, बाबांच्या मापानं. तिथून आख्खा हॉल दिसत होता. खापरांची चटईही दिसत होती. तिच्यावर भावेश एकटाच मांडी घालून मडक्याचा काठ जुळवत होता. खांद्यावरची पर्स जड वाटली म्हणून तिनं ती काढून उजवीकडे अडकवली. खिळ्याकडे बघावं लागलं नाही.

"झालं?" रिद्धीनं विचारलं.

"झालं."

बाहेर येऊन तिनं आईला फोन लावला. "आई, मिळाली. आणते म्हटलं तर आत्ता आणता येईल."

"मागं कसला आवाज येतोय एवढा?"

"मुलांचा. बसायला रांग लागलीय."

"त्यांच्या खुर्चीवर?"

"हो."

पलीकडे तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं.

"मग आता नको आणूस," ती म्हणाली. "मुलं बसतायत तर बसू दे. जूनला आण, छत गळायला लागलं की. ते आणायचे तशी."

"आणि कुकर?"

"लावतेय. दोन वाट्याच घेतल्या, हात गेलाच. तू भुकेलीच ये, आणि तो टेम्पोवाला जेवायचा असेल तर त्यालाही विचार."

अनुया भावेशला विचारायला आत गेली. मडकं जवळपास झालं होतं, काठाचे दोन तुकडे सापडत नव्हते, आणि ते मिळेपर्यंत तो उठायला तयार नव्हता. ती त्याच्या शेजारी बसून शोधू लागली.