वळचणीची फट

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आमच्या बापाचं तर कधीच ऐकलं नाही. यंदा खोल्या गार पडतात म्हणून पठ्ठ्याने माळ्यावर लोकरीच्या जाड गाद्या अंथरल्या, त्यांच्यावर प्लास्टिक ताणलं आणि उरलेली लोकर वळचणीखालच्या फटीत कोंबली. मग मला फोन.

"ताई, आता वाऱ्याची बिशाद नाही आत यायची!"

महिनाही उलटला नसेल, पुन्हा फोन. या खेपेला आवाज पडलेला. "जरा येतेस? आईच्या कागदांना कुबट वास येतोय."

आई कपडे शिवायची. ज्याचं त्याचं माप खाकी कागदावर उतरवून, कापून, गुंडाळी करून माळ्यावर ठेवायची. त्यात बाबांच्या कोटाचीही गुंडाळी होती. बाबांचा डावा खांदा थोडा उतरता. फोटोत ते ताठ उभे राहून लपवायचे, पण आईच्या टेपपुढे काय लपणार? आता बाबांचं खरंखुरं माप तेवढंच उरलंय. ते बुरशीने खाल्लं असतं, तर या गृहस्थाशी मी जन्मात बोलले नसते.

शिडी चढून वर गेले. छपरातून डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब लोंबत होते. प्लास्टिक उचललं, तर खालची लोकर ओलीगच्च.

"अरे शहाण्या, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ वर चढते. लोकरीतून येते आणि या गार प्लास्टिकला अडून तिचं पाणी होतं. प्लास्टिक लोकरीच्या खाली हवं, उबेच्या बाजूला! आणि ही फट बुजवायला कुणी सांगितलं होतं?"

"ऊब बाहेर गेली असती ना."

"ऊब लोकर अडवते. फट ओल बाहेर काढते. बाबा दरवर्षी तिथे कागद टांगायचे ते काय वेडे होते म्हणून?"

तो विसरलाच होता. थंडी सुरू झाली की बाबा वर चढायचे आणि हवा खेळतेय का ते बघायला पातळ कागदाची पट्टी दोऱ्याने फटीसमोर टांगायचे. खाली आई मशीन थांबवून ओरडायची, "हलतंय का?" वरून बाबा, "हलतंय गं!" मग मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. आम्ही दोघं पुढे दिवसभर त्याच हाका मारत घर डोक्यावर घ्यायचो. किती सुखाचे दिवस होते ते, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

बाबांची गुंडाळी कडेने दमट झाली होती, एक डागही पडला होता. पण फाटली नव्हती. ती खाली उबेत दोरीवर वाळत घातली. भिजलेली लोकर बाहेर फेकली. भावाने मुकाट्याने प्लास्टिक खाली अंथरलं, सांधे चिकटपट्टीने बंद केले, वर कोरडी लोकर घातली, माळ्याच्या झाकणाला रबराची पट्टी लावली. शेवटी फट मोकळी केली आणि तिच्यासमोर कागद टांगला.

मी खाली शिडी धरून होते. ठरवलं नव्हतं, तोंडातून निघूनच गेलं, "हलतंय का?"

वरून नुसती फळ्यांची करकर.

"अरे, हलतंय का?"

"हलतंय गं!"

हुबेहूब बाबा. तो पाठमोरा उतरू लागला तेव्हा माझं लक्ष गेलं. इतकी वर्षं बघतेय त्याला, आणि हे कधी दिसलंच नव्हतं.

"तसाच उभा राहा," मी म्हणाले. दोरीवरचा बाबांच्या मापाचा कागद काढून त्याच्या पाठीला लावला. डावा खांदा तंतोतंत जुळला.

"काय करतेयस, ताई?"

"गप्प बस जरा," मी म्हणाले, आणि कागद भिजू नये म्हणून तोंड बाजूला करून रडले.