जास्तीची झारी

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. बॉयलर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भाताची गिरणी येईल, पण तो मी नव्हे. रस्त्याच्या कडेला चार लोखंडी चाकांवर एक काळीकुट्ट टाकी उभी असते. खाली जाळ, वर धुराडं, मागे तोटी. तुम्ही नाकाला रुमाल लावून घाईघाईने पुढे जाता, तोच मी. डांबर तापवणं हे माझं काम. रुमालाचा मला राग नाही, पण एकदा तरी थांबून बघायला काय हरकत होती?

माझा जन्म नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथून निघताना मला पिवळाधमक रंग दिला होता. तो आठ दिवस टिकला. त्यानंतर मी जो काळा झालो, तो आजतागायत काळाच आहे.

नोकरीची पहिली बारा वर्षं घुग्घुसकडच्या रस्त्यांवर गेली. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावायचे. उन्हाळ्यात डांबर मऊ पडलं की त्यांच्या चाकांनी रस्त्याला नाल्या पडायच्या. आम्ही त्या बुजवायच्या, ट्रकांनी पुन्हा पाडायच्या. खाणीत ड्यूटीवर जाणारे मोटारसायकलवाले शिव्या मात्र आम्हालाच देत. रस्ता चांगला झालाच तर कौतुक रोलरचं व्हायचं. एका उद्घाटनाला त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढ्यात नारळ फोडला. मी दहा पावलांवर धूर काढत उभा होतो, माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला रोलरचा फार हेवा वाटला.

माझी कदर होती ती एका माणसाला. त्याचं नाव लहानू. तो मूल गावाकडचा. पायांना गोणपाट गुंडाळून, डोक्याला दुपट्टा बांधून तो सकाळपासून माझ्यापाशी असायचा. डांबर किती तापलं हे बघायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. तो पळसाची काडी डांबरात बुडवायचा, वर उचलायचा आणि सुटणारी तार बघायचा. तार बारीक आणि सलग पडली की तोटी उघडायची. धूर पिवळा झाला की लाकडं बाहेर ओढायची, कारण जळकं डांबर वर्षभरात तडकतं. नव्या मजुरांना तो एक गोष्ट नेहमी सांगायचा, "डांबर भाजीतल्या तेलावानी टाका. जास्त झालं का वर तवंग येते."

इतकं कळणाऱ्या माणसाकडून ती चूक झाली, म्हणून तर मी ती तुम्हाला सांगतो आहे.

काही वर्षांपूर्वी आमची रवानगी एटापल्लीच्या पलीकडे जंगलातल्या रस्त्यांच्या दुरुस्तीवर झाली. एप्रिल महिना होता. सकाळी दहालाच पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. वाटेत वीस-बावीस घरांचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, लागली. रस्त्याला लागून सोमारीबाईंचं घर होतं. त्या आणि त्यांची मुलगी दिव्या, दोघीच. दिव्या बारावी झालेली, तिला चंद्रपूरला नर्सिंग शिकायचं होतं. त्या टोल्यातून इतक्या लांब शिकायला अजून कोणीच गेलं नव्हतं. त्यासाठी मायलेकी महिनाभर पहाटे उठून आपल्या झाडांखालची मोहफुलं वेचत होत्या. तो मोहा विकायचा आणि जूनमध्ये जायचं, असं ठरलेलं होतं.

आमच्या टोळीला पाणी पाजलं ते सोमारीबाईंनी. मडकं रिकामं झालं की त्या हातपंपावरून पुन्हा भरून आणत. दुपारी भाजलेली मोहफुलंही त्यांनी सगळ्यांच्या हातावर ठेवली. लहानू इतकी वर्षं रस्त्यावर राबला, पण पाणी त्याला मागून प्यावं लागायचं. न मागता कोणी दिलं की तो विरघळायचा.

संध्याकाळी काम संपलं तेव्हा माझ्या पोटात दोन-तीन झाऱ्या डांबर उरलं होतं. ते रात्री पोटातच गोठलं की दुसऱ्या दिवशी माझे हाल. एरवी लहानू ते ड्रममध्ये काढून ठेवायचा. त्या दिवशी त्याने झारी भरली आणि सोमारीबाईंच्या दारासमोरच्या रस्त्यावर ओतली. मग आणखी एक, आणि आणखी एक. वर थोडी चुरी, म्हणजे बारीक खडी, पसरली.

"बाई, तुह्या दारासमोर जाड थर मारून देतो. दहा वर्सं पाहाचं काम नाई," तो म्हणाला.

बाई हसल्या. भाजीतलं तेल मला आठवत होतं, पण लहानूला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोल्याच्या पुढच्या टोकाला काम करत होतो. सोमारीबाई मडकं घेऊन आल्या. त्या टोल्यात मोहा वाळवायचा तो डांबरी रस्त्याच्या कडेला. काळा रस्ता असा तापतो की अंगणात चार दिवस लागतात ते तिथे दीड दिवसात होतं. आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अवकाळी पाऊस येऊन मोहा सडायच्या आत तो वाळवून कोठीत भरायचा होता.

"लहानूभाऊ, रोड सुकला का?" त्यांनी विचारलं.

"सुकला बाई. आता बिनघोर राहा," लहानू म्हणाला.

मित्रांनो, डांबर सुकत नाही. ते थंड होतं, आणि ऊन लागलं की पुन्हा मऊ पडतं. पण आमच्या धंद्यात सगळे 'सुकला' असंच म्हणतात. लहानूला म्हणायचं होतं, आता गाडी-बैल चालेल. सोमारीबाईंनी ऐकलं, आता मोहा घालता येईल. त्यांनी महिनाभराचा सगळा मोहा दारासमोर पसरला आणि मायलेकी उरलीसुरली फुलं वेचायला जंगलात गेल्या.

दुपारी दोनला त्या परतल्या तेव्हा दारासमोरचं डांबर वर आलं होतं. सगळी फुलं त्यात रुतून बसली होती. दिव्याने एक मूठ उचलली, तर डांबराचाच गोळा हातात आला. सोमारीबाई रडल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला बसून त्या एकेक फूल उपटून काढत राहिल्या, आणि प्रत्येक फूल काळंच निघत होतं. ते बघून मला माझ्या पोटातल्या डांबराची किळस आली.

आमचा मुकादम धनराज धावत आला. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरट होता. त्याने लहानूला माझ्याआड ओढलं.

"तू काई बोलू नको. सरकारी रोडवर मोहा वाळवाचाच नसते, तिची चूक आहे. जादा डांबर टाकलं म्हणून सांगशील त साहेब तुले कामावरून काढन."

"पन तिनं मले इचारलं होतं," लहानू म्हणाला.

"कोनं आयकलं?"

ऐकलं होतं मी. पण मला तोंड कुठे आहे, आहे ती तोटी. आयुष्यात एवढी लाचारी मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी टोल्यातली माणसं मोहाच्या झाडाखाली बसली. चैतूभाऊ हे तिथले जाणते. त्यांनी धनराजला विचारलं, धनराजने पाठ केलेलं सांगितलं. मग ते सोमारीबाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "मले रोड सुकला असं सांगतलं होतं." कोणी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं नाही. लहानूची नोकरी जाईल हे त्यांनाही कळत होतं.

त्यावर लहानू उठला.

"म्या सांगतलं," तो म्हणाला. "आन् जादा डांबरबी म्याच टाकलं. बाईनं पानी पाजलं म्हून चांगलं कराले गेलो. तीस वर्सं दुसऱ्याले शिकवून राह्यलो, आन् मीच चुकलो. माह्या कामाचं जे व्हाचं ते होऊ द्या."

मग चैतूभाऊंनी निकाल दिला. त्या टोल्यात झाडं वाटून घेतलेली होती, एकाच्या झाडाखालचं फूल दुसरा उचलत नसे. त्यांनी सांगितलं की उद्यापासून चार पहाटा प्रत्येक घराने आपलं एक झाड सोमारीला सोडायचं. आणि लहानूने रोज तिच्या सोबत वेचायला यायचं.

चार पहाटा लहानू गेला. दुसऱ्या दिवसापासून आमची टोळीही गेली आणि चौथ्या दिवशी धनराजसुद्धा टोपलं घेऊन वाकलेला दिसला. फुलं वेचून आल्यावर ते दारासमोरच्या रस्त्यावर चुरी पसरत, वरून रोलर फिरत असे. डांबर हळूहळू मुरलं. गमावला तेवढा मोहा काही जमला नाही, पण दिव्याला जाता येईल इतका जमला.

शेवटच्या सकाळी टोपली अंगणात ठेवून लहानू निघाला. सोमारीबाईंनी त्याला थांबवलं. त्यांनी ओंजळी भरभरून मोहा त्याच्या दुपट्ट्यात बांधला.

"हे काऊन बाई?" तो मागे सरकला. "मी त भरपाई करून राह्यलो होतो."

"दुसऱ्याच्या झाडाखाली येचलं का येचनाऱ्याले वाटा भेटते," बाई म्हणाल्या. "आमची रीत आहे, भाऊ. तुले खाली हातानं कसं पाठवू?"

लहानू तो दुपट्टा छातीशी धरून माझ्यापाशी आला आणि माझ्या चाकाला टेकून खूप वेळ रडला. जाळ पेटवायला त्या दिवशी आम्हाला उशीर झाला.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली, पण त्यांनी लहानूला काढलं नाही, महिनाभर घरी बसवलं. आता तो कायमचा घरी आहे. आमचं काम आता फवारणीचं मोठं यंत्र करतं, आणि मी एटापल्लीच्या गोदामामागे गंज खात उभा आहे. दिव्या दवाखान्यात नोकरीला लागली असं मध्यंतरी कोणीतरी बोलताना कानावर आलं.

मित्रांनो, भर उन्हात रस्त्यावर डांबर टाकणारी माणसं दिसली तर गाडी हळू घ्या. जवळ पाणी असेल तर ते मागायच्या आत द्या. आणि त्यांच्या हातून रस्ता बिघडलाच, तर शिव्या देण्याआधी त्यांना बोलू द्या. त्या टोल्याने लहानूला बोलू दिलं, शिक्षा दिली, आणि त्याचा वाटाही दिला.