पंख लावलेला बटाटा

मित्रांनो, कालपासून माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लाल अक्षरांत ‘निकामी’ असे लिहिले आहे. मी कोण, हे मात्र लिहिलेले नाही, म्हणून ते मीच सांगतो. मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखे यंत्र पाहिले नसेल. एक चौकोनी पेटी, आत झगझगीत दिवा आणि वर काच. बाजूने एक दांडा वर जातो. त्याच्या टोकाला माझे डोके आहे, म्हणजे एक भिंग आणि एक आरसा. काचेवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून त्यावर पेनाने काही काढले की त्याचे भलेमोठे चित्र पडद्यावर पडते. माझी नजर मात्र खाली काचेकडे असते. मी पडद्यावर हजारो चित्रे पाडली, पण पडदा कधी पाहिला नाही. चित्र कसे झाले, ते मला लोकांच्या हसण्यावरून कळायचे, किंवा अचानक गप्प होण्यावरून.

कारखान्यातून निघालो तो एका प्रशिक्षण संस्थेत गेलो. अकरा वर्षे माझ्यावर आकडे आणि आलेख ठेवले गेले. समोरचे लोक जांभया द्यायचे. संस्था बंद पडली, तेव्हा मला एका सभागृहाने घेतले. तीनशे चाळीस खुर्च्या, पाच वादक, एक गायिका. दर रविवारी दुपारी चारला गाण्यांचा कार्यक्रम. गाणे चालू असताना मागच्या पडद्यावर चित्रे दाखवण्याचे काम एका मुलीकडे होते. तिची बोटे कायम शाईने माखलेली असायची, म्हणून सगळे तिला शाईताई म्हणत.

सुरुवातीला शाईताई एकटीच चित्रे काढायची. एका रविवारी तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून थेट माझ्यापाशी आल्या.

“ए शाईताई, मला दे ना गं एकदा. घरी शिलाई यंत्राचं चाक फिरवून कंटाळले.”

“घ्या की काकू. पण टोपण हरवायचं नाही हं.”

काकूंनी एक पक्षी काढला. सभागृहात खसखस पिकली. मागून कोणीतरी ओरडले, “अहो, बटाट्याला पंख कशाला लावलेत?”

काकू वळून म्हणाल्या, “उडायचंय त्याला! तुम्हाला काय त्रास?”

त्या दिवसापासून रांग लागू लागली. शाईताईने नियम केला : एका गाण्याला एक माणूस. कोणी होडी काढायचे, कोणी घर. एक दाताचे डॉक्टर होते, ते दर वेळी फक्त दाढ काढायचे. काकू मात्र शेवटच्या गाण्याला यायच्या आणि तोच पक्षी काढायच्या. सात वर्षांत तो जराही सुधारला नाही. काकूंचे यजमान शिंपी होते. ते तिसऱ्या रांगेतच बसून राहायचे. “काका, तुम्ही या की,” असे शाईताईने किती वेळा म्हटले. ते जागेवरूनच म्हणायचे, “मला कापडावर खडूने रेघ मारता येते, तेवढं पुरे.”

मग काही महिने त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. शाईताई कोणाला तरी हळूच सांगत होती, तेव्हा मला कळले की काकू गेल्या.

एका रविवारी काका एकटे आले. शेवटच्या गाण्याला उठले आणि माझ्यापाशी येऊन त्यांनी खिशातून काकूंचा फोटो काढला. शाईताई पलीकडे पेन पुसत होती. तिने अडवण्याआधीच त्यांनी तो काचेवर ठेवला.

मित्रांनो, मला फक्त उजेड आरपार जाणाऱ्या गोष्टी दाखवता येतात. फोटोच्या जाड कागदातून तो जात नाही. पडद्यावर काय पडले असेल, ते मला माहीत होते : एक मोठा काळा चौकोन.

“लाइट गेली का?” कोणीतरी हसून विचारले. मग सभागृह चिडीचूप झाले.

काका खालच्या आवाजात म्हणाले, “शेवटच्या गाण्याला ती असायची वर. मला वाटलं, एकदा दिसेल.”

शाईताईने फोटो उचलला, नवा पारदर्शक कागद ठेवला आणि फोटो बघून चेहरा काढू लागली. नाक बिघडले. तिने ते स्पिरिटने पुसले. पुन्हा बिघडले, तेव्हा तिने सगळेच पुसून टाकले. गायिकेने मुखडा परत घेतला. वादकांनाही थांबवेना.

चौथ्या रांगेतल्या एक परिचारिका उठून आल्या. “चेहरा मला नाही येणार. पण सात वर्षं त्यांचा अंबाडा माझ्या डोळ्यांपुढे होता. द्या पेन.” त्यांनी अंबाडा काढला आणि त्यात खोचलेली पेन्सिलही काढली.

“कान जरा बाहेर होते हो,” मागून पोस्टमन म्हणाले आणि आले. त्यांनी कान काढले. दाताच्या डॉक्टरांनी खांदे काढले. ते दाढेसारखे झाले, तरी कोणी हसले नाही. शेवटी दारावर तिकिटे तपासणारे आले. त्यांनी मानेची रेघ काढली, एका बाजूला कललेली.

“डावीकडे कलायची त्यांची मान. कायम. मी दारातून बघायचो.”

“डावीकडे कोण बसायचं?” शाईताईने विचारले.

काका म्हणाले, “मी.”

तोवर मुखडा सात वेळा म्हणून झाला होता. काका पडद्याकडे बघत राहिले असावेत, कारण त्यांचा काचेवर टेकलेला हात हलत नव्हता. मग ते म्हणाले, “चेहरा आहे माझ्याकडे. पण मी शेजारी बसायचो ना. ही मी कधी पाहिलीच नव्हती.”

शाईताईने पेन त्यांच्या हातात दिले. काकांनी कोपऱ्यात पक्षी काढला. डोळे भरले होते. कागदाची कड त्यांना दिसली नाही आणि पक्षी सरळ माझ्या काचेवर उमटला. पक्की शाई. तोही बटाट्यासारखाच होता.

शाईताईने तो पुसला नाही. त्यानंतर होडी असो की दाढ, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तो पक्षी असायचा. नवे लोक विचारायचे, “ते काय आहे?” जुने लोक सांगायचे. काकूंचा कागद दर रविवारी शेवटच्या गाण्याला लागायचा. काका तो घरी न्यायला तयार नव्हते. म्हणायचे, “घरी एवढी मोठी भिंत कुठंय?”

ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली.

मग नवा पडदा आला, स्वतःच उजळणारा. आता लोक खुर्चीत बसूनच मोबाइलवरून तारे आणि फुले पाठवतात आणि ती पडद्यावर तरंगतात. खोटे कशाला बोलू, ते छानच दिसत असणार. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू येतात, त्या पूर्वीपेक्षा जास्त असतात. एका वेळी एकच नाही, तीनशे चाळीस जण चित्रात असतात. फक्त कोणी कोणाला ‘द्या पेन’ म्हणताना ऐकू येत नाही.

शाईताईला दुसऱ्या गावी काम मिळाले. जाताना तिने काकूंचा कागद माझ्या काचेवर ठेवला आणि वरून कापड घातले. त्यानंतर चार वर्षे मी या सामानाच्या खोलीत आहे. बाजूला मोडक्या खुर्च्या आहेत. खोलीला एक खिडकी आहे, पण कापडाखाली ती काय कामाची?

काल चिठ्ठी लागली. सोमवारी भंगाराची गाडी येणार आहे. आज सकाळी दार उघडले आणि कापड निघाले. सामान सांभाळणारे गृहस्थ होते आणि त्यांच्यामागे काठी टेकत काका.

“भंगाराची यादी दारावर लावली होतीत ना, ती वाचली. म्हटलं, गाडी येण्याआधी गाठावं. त्या जुन्या यंत्रावर एक कागद असेल हो.”

“आहे बघा. पण दिवा लागायचा नाही हं, काका.”

त्यांनी बटण दाबले. मी माझ्याकडून पुष्कळ जोर केला. दिवा लागला नाही.

काकांनी कागद अलगद सोडवला आणि नीट बघावा म्हणून खिडकीशी धरला. ऊन त्यातून आरपार गेले आणि शेजारच्या भिंतीवर सावली पडली. अंबाडा, पेन्सिल, बाहेर आलेले कान, डावीकडे कललेली मान.

मित्रांनो, कापड काढताना धक्का लागून माझे डोके भिंतीकडे वळले होते. लोक इतकी वर्षे काय पाहत होते, ते मी आज पहिल्यांदा पाहिले. ते दाखवायला माझी गरज नव्हती, हेही पाहिले.

“काच पुसू का? डाग पडलाय,” त्या गृहस्थांनी विचारले.

काका वाकले. त्यांनी पक्ष्यावरून बोट फिरवले. “नको. तो माझ्या हातचा आहे. राहू दे याला सोबत.”

दार लागले. काठीचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. काकांनी माझ्यावर पुन्हा कापड घातले नाही.

मित्रांनो, सोमवारनंतर मी कुठे असेन, मला माहीत नाही. तुम्हाला कधी कुठल्या अडगळीत काचेची एखादी पेटी दिसली, तर दिवा लागतो का ते एकदा बघा. नाही लागला, तरी काच पुसायची घाई करू नका. कोपऱ्यात पंख लावलेला बटाटा असेल, तर तो मी.